क्रॅपी कशी पकडायची: कुठल्या सीझनला किती खोल गळ सोडायचा

डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांना गावाकडे गरवायची सवय असते, खाडीवर म्हणा नाहीतर धरणावर, आणि इथे आल्यावर ते हौसेने रॉड घेतात, तळ्यावर जातात आणि दिवसभर उन्हात बसून हात हलवत परत येतात. तळ्यात मासा नसतो असं नाहीये, तो असतो एका खोलीवर आणि आपला गळ भलत्याच खोलीवर, एवढंच. क्रॅपीच्या बाबतीत तर हे शंभर टक्के खरं, कारण ही मासळी पाण्याच्या टेंपरेचरप्रमाणे वर्षभर वर-खाली जागा बदलत असते. म्हणून आधी दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्या, भारी रॉड नंतर.

ओळख थोडक्यात. इथल्या तळ्यांतल्या बास आणि ब्लूगिल या माशांच्याच खानदानातली, चपटी, चंदेरी, अंगावर काळे ठिपके. दोन जाती आहेत, पाठीवरच्या पंखाचे टोकदार काटे मोजायचे, पाच-सहा असले तर व्हाइट क्रॅपी आणि सात-आठ असले तर ब्लॅक. व्हाइटचे ठिपके उभ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि तिला गढूळ पाणी चालतं, ब्लॅकला जरा स्वच्छ आणि झाडोऱ्याचं पाणी लागतं. तोंड मात्र दोघींचं कागदासारखं पातळ, जोरात हिसका दिलात की गळ तोंड फाडून मोकळा, म्हणून रॉड नुसता अलगद वर उचलायचा आणि मासा काठाशी आला की जाळी खाली घालायची, दोरीने लटकवून वर ओढायचा नाही.

सामान फार लागत नाही. सहा-सात फुटी अल्ट्रालाइट रॉड, चार ते आठ पौंड ताण झेलणारी दोरी, पातळ तारेचे सोनेरी गळ (झाडाच्या फांदीत अडकले तर ओढून सरळ होतात आणि सुटतात, वाकवून परत वापरायचे), थोडं शिसं, एक-सोळांश आणि एक-बत्तीसांश औंसाचे जिग (म्हणजे शिशाचं डोकं आणि खोटं आमिष लावलेला गळ), आणि आमिषाच्या दुकानातून जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचे बारके मासे. नवीन माणसाने मिनोपासूनच सुरुवात करावी, जिग हलवायचा हात बसायला वेळ लागतो.

आता स्लिप बॉबर बांधायचा, म्हणजे दोरीवर सरकणारा तरंगा, वर्षभर कामाला येतो. दोरीवर आधी दोऱ्याची स्टॉपर गाठ, मग मणी, मग बॉबर, मग शिसाचा छोटा दाणा, आणि त्याच्या खाली साधारण फूटभर अंतरावर गळ. मिनो दोन्ही ओठांतून टोचा नाहीतर पाठीच्या पंखाखालून वरवर, कणा फुटला तर मिनो मरतो आणि मेलेल्या मिनोकडे क्रॅपी सहसा बघत नाही. खोली बदलायची तर फक्त स्टॉपर सरकवायचा. आणि ही मासळी खालून वर बघत खाते, त्यामुळे आमिष तिच्या डोक्याच्या जरा वर पाहिजे, खाली गेलं तर वाया. कधीकधी ती मिनो तोंडात घेऊन वरच येते, मग शिसाचं ओझं जातं आणि बॉबर बुडण्याऐवजी पाण्यावर आडवा पडतो, नवीन माणूस बघतच राहतो की हा बुडत का नाही, अहो मासा लागलाय, उचला रॉड!

वसंत म्हणजे क्रॅपीचा खरा सीझन. पाणी 50-55 डिग्री फॅरनहाइटला आलं की मासे खोल पाण्यातून निघून नाल्यांच्या जुन्या पात्राने काठाकडे सरकायला लागतात, आणि 60 ते 68 च्या दरम्यान अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. टेक्ससमध्ये हे साधारण मार्च-एप्रिलला होतं, मिनेसोटात मे उजाडतो. नर आधी येतात, घरटं करतात, अंगाने पार काळे पडतात आणि अंडी राखत बसतात. अशा वेळी बोट नसली तरी चालतं, काठावरून बुंधे, लव्हाळं, पाण्यात पडलेली झाडं बघायची आणि बॉबर दोन फुटांवर लावून सुरुवात करायची, चावा नाही आला की तीन, मग चार. पाणी गढूळ असेल तर उथळ, स्वच्छ असेल तर खोल. आणि मध्येच थंडीची लाट आली तर काठावर तपश्चर्या करत बसू नका, मासे जवळच्याच खोल पाण्यात उतरतात, तिकडे गळ टाका.

उन्हाळ्यात सगळं उलटं. वर पाणी तापतं, आणि एका थराखाली ऑक्सिजनच उरत नाही, तेव्हा क्रॅपी त्या थराच्या जरा वर, झाडाझुडपांशी, पुलाच्या खांबांशी टांगून राहते. फिश फाइंडरवर, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या बोटीवरच्या यंत्रावर, हा थर धूसर पट्ट्यासारखा दिसतो, त्याच्या खाली गळ सोडणं फुकट. दिवसा डॉकच्या, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्याच्या, सावलीत असतात, पण डॉकखाली गळ पोचवायचा कसा? जिग डोक्याकडून दोन बोटांत धरायचा, टोक बोटांच्या बाहेर ठेवायचं, रॉड वाकवायचा आणि बेचकीसारखा सोडून द्यायचा, जिग पाण्यालगत सरळ आत जातो. टोक कुठे आहे हे दर वेळी बघा, नाहीतर इमर्जन्सी रूम. माझं विचाराल तर जुलै-ऑगस्टला रात्रीच जावं, हिरवा लाइट पाण्यात सोडला की आधी बारीक प्लँक्टन गोळा होतात, त्यांच्यामागे शॅड मासे आणि त्यांच्यामागे क्रॅपी, अर्धा-एक तास थांबायची तयारी पाहिजे फक्त.

शरद ऋतूत शॅडचे थवे नाल्यांच्या तोंडाकडे सरकतात आणि क्रॅपी त्यांच्या मागे पांगते, त्यामुळे एका जागी न बसता जिग हळूहळू ओढत फिरायचं.

हिवाळ्यात थवे दाट असतात पण खोल, वीस-तीस फूट सहज, आणि मासा आळसावलेला, त्यामुळे जिग सरळ खाली सोडून जवळजवळ स्थिर धरायचा, जितका कमी हलवाल तितकं बरं. टेक्ससमधल्या लेक फोर्क या तळ्यात पाण्यात बुडालेली उभी झाडं भरपूर आहेत, तिथे ही पद्धत भारी चालते, पण तिथला हिवाळ्याचा नियम नीट वाचून जा. एरवी टेक्ससमध्ये किमान 10 इंच आणि रोजचे 25 मासे अशी मर्यादा असते, पण लेक फोर्कवर 1 डिसेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत लहान-मोठा जो लागेल तो ठेवावाच लागतो. खोलातून झटकन वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते, परत सोडला तरी तो बहुतेक जगत नाही, म्हणून हा नियम. मिनेसोटाकडचे लोक बर्फात भोक पाडून पकडतात, तिथे चालायला किमान 4 इंच स्वच्छ घट्ट बर्फ लागतो, त्याहून कमी असेल तर घरी बसा.

लायसन्सचं म्हणाल तर टेक्ससमध्ये 17 वर्षांखालच्या पोरांना लागत नाही, आणि स्टेट पार्कच्या आत काठावरून गरवलं तर मोठ्यांनाही लागत नाही, फॅमिलीला घेऊन पहिल्यांदा जाताय तर तिथेच जा. नियम बदलत असतात, निघायच्या आधी टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफची साइट बघून घ्या. बोट असेल तर तळं सोडताना सगळं पाणी काढून टाकायचं, झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून तो कायदाच आहे.

मासा लागला की लगेच बर्फात टाका, बादलीच्या कोमट पाण्यात ठेवलात तर मांस मऊ पडतं. खवले काढत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी फिले काढलेले बरे, काटाही राहत नाही आणि मुलं कुरकूर न करता खातात. मांस नाजूक आहे, कालवणात विरघळून जातं, त्यामुळे आलं-लसूण, हळद, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवायचं आणि गरम तव्यावर एका बाजूने दोन-तीन मिनिटं, बस, उलटताना मात्र घाई नको, तुकडा मोडतो.