गाठ गुलाबी का नाही? नायट्रोजनवाल्या जीवाणूतला जीन कसा शोधायचा

लसूणघास माहितीये ना, गोठ्यात जनावरांना घालतात ती, पुस्तकातली अल्फाल्फा. तिचं रोप अलगद उपटलं की मुळांवर छोट्या गाठी दिसतात, आणि त्यात सायनोऱ्हायझोबियम मेलिलोटी हा जीवाणू हवेतला नायट्रोजन अमोनिया करून झाडाला देत असतो. त्याचे साधारण ६,२०० जीन आहेत, त्यातले या कामाला लागणारे कुठले ते काढायचंय.

जीनोम २००१ लाच वाचून झालाय, एक क्रोमोसोम आणि पीसिम-ए, पीसिम-बी असे दोन अवाढव्य प्लाझ्मिड (क्रोमोसोमपासून वेगळे डीएनएचे गोल). गाठ बनवायला लावणारे नॉड, नायट्रोजन पकडणारे निफ वगैरे जीन पीसिम-ए वर आहेत म्हणून नवीन पोरं कॉम्प्युटरवर तेवढ्यातच शोधत बसतात, पण मुळाच्या आत शिरायला जी साखर लागते ती बनवणारे एक्सो जीन पीसिम-बी वर आहेत. त्यामुळे जुनीच पद्धत बरी, आंधळेपणाने जीन तोडायचे आणि झाडाला विचारायचं.

तोडायला टीएन-५ नावाचा ट्रान्स्पोझॉन, म्हणजे उडी मारून डीएनएमध्ये कुठेही घुसणारा तुकडा. तो ई. कोलायमध्ये अशा प्लाझ्मिडवर ठेवलेला असतो जो ऱ्हायझोबियममध्ये गेल्यावर वाढूच शकत नाही, म्हणजे टीएन-५ ने उडी मारून जीनोममध्ये जागा धरली तरच वाचला. दोघांना टीवाय (जीवाणूंचं नेहमीचं खाद्य) प्लेटवर एकत्र थेंबात ठेवायचं ३० डिग्रीला रात्रभर (जास्त ठेवू नका, एकच म्युटंट, म्हणजे जीन तुटलेला जीवाणू, वाढत जाऊन त्याची भावंडंच हाती लागतात), मग स्ट्रेप्टोमायसिन आणि निओमायसिन दोन्ही असलेल्या प्लेटवर पसरायचं. १०२१ हा आपल्या ऱ्हायझोबियमचा स्ट्रेन स्ट्रेप्टोला दाद देत नाही, ई. कोलाय मरतो, आणि निओमायसिनवर टीएन-५ वालाच जगतो. तीनेक दिवसांत कॉलन्या येतात, प्रत्येक कॉलनी म्हणजे कुठेतरी एक जीन तुटलेला.

साखरवाले म्युटंट पकडायला एक शॉर्टकट आहे, प्लेटमध्ये कॅल्कोफ्लोर (या साखरेला चिकटून चमकणारा रंग) घालायचं आणि यूव्हीखाली धरायचं. चांगला जीवाणू चमकतो, आणि एक्सो-वाय हा साखरेचा जीन तुटलेला गप्प अंधारात बसलेला दिसतो. बाकीच्यांना मात्र रोपच हवं.

बी इथेनॉल आणि ब्लीचने धुवायचं, भरपूर पाण्याने खळबळून काढायचं, आगारवर मोड आणायचे, प्लेट उलटी ठेवली तर मुळं सरळ खाली लोंबतात. मग नायट्रोजन नसलेल्या आगारच्या ट्यूबमध्ये रोप, त्यावर एका म्युटंटचं पातळ कल्चर. मीडियात नायट्रेट गेलं तर झाडाला गाठींची गरजच वाटत नाही आणि तुमचा महिना फुकट. चार आठवड्यांनी बघायचं: पानं पिवळी आणि गाठच नाही, किंवा पानं पिवळी आणि गाठी आहेत पण बारीक, पांढऱ्या. चांगली गाठ लांबट असते, ब्लेडने उभी चिरली तर मधे गुलाबी दिसते, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखं गाठीतलं प्रथिन.

आणि काहीच न घातलेली रोपं ठेवाच ठेवा. मी पहिल्या खेपेला चारच ठेवली होती, एके दिवशी बघतो तर दोघांवर मस्त गुलाबी गाठी! सगळ्या ट्यूबना एकाच पिपेटने पाणी देत होतो शहाण्यासारखा. दोनेकशे म्युटंटचा डेटा कचऱ्यात, चूक सर्वस्वी माझीच.

पिवळी रोपं मिळाली की नाचू नका. आधी तो म्युटंट मिनिमल मीडियावर (अमायनो ॲसिड वगैरे तयार न दिलेलं साधं खाद्य) वाढतो का बघा, कारण बरेचदा एखादं अमायनो ॲसिड बनवायचा जीन तुटलेला असतो आणि गाठीत बिचारा उपाशी असतो (असे फेकू नका, वेगळे ठेवा, त्यातही गंमत असते). मग गाठ वरून निर्जंतुक करून चिरडायची आणि निओमायसिनवर लावायची, तोच जीवाणू परत मिळतो का हे कळतं.

आता टीएन-५ नेमका कुठे बसलाय ते. त्याच्या टोकाकडून बाहेर जाणारा एक प्रायमर (डीएनएची कॉपी जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) आणि दुसरा कुठेही चिकटणारा, अशी पीसीआर करून, म्हणजे मधल्या डीएनएच्या भरपूर कॉप्या काढून, सिक्वेन्सला पाठवायचं. जीनचं नाव हाती आलं तरी पुरावा झाला नाही, कारण दुसरीकडे आपसूक बिघाड झालेला असू शकतो. त्यासाठी फाय-एम-१२ हा फाज (जीवाणूंना लागणारा विषाणू) वापरून टीएन-५ चा तुकडा ताज्या १०२१ मध्ये हलवायचा आणि पुन्हा रोपावर बघायचं. तरीही गाठी पांढऱ्या? मग खरं. त्यातही टीएन-५ ओपेरॉनच्या (एकत्र चालू होणाऱ्या जीनच्या रांगेच्या) सुरुवातीला बसला तर मागचे जीनही बंद पडतात, नॉड-ए, बी, सी एकामागोमाग आहेत तसं.

या पद्धतीत काही जीन सुटतातच. नॉड-डी च्या तीन कॉपी आहेत, एक तोडली तर बाकीच्या सांभाळून घेतात आणि रोप हिरवंगार. हजारो म्युटंट एकत्र सोडून टीएन-सीक (कुठला म्युटंट किती उरला ते सिक्वेन्सने मोजणं) करायचं डोक्यात असेल तर लक्षात ठेवा, एका गाठीत बहुतेकदा एकाच जीवाणूची पिलावळ असते, म्हणून गाठी ढिगाने लागतात.

शेवटी तोच जीन प्लाझ्मिडवर परत घालून गाठ गुलाबी होते का बघायचं. झाडाला अँटिबायोटिक देता येत नाही, त्यामुळे जीवाणू तो प्लाझ्मिड वाटेतच टाकून देतो आणि अर्ध्या गाठी पांढऱ्याच राहतात. मी आता जीन सरळ जीनोममध्येच बसवतो, आठवडाभर जास्त जातो.