भुट्ट्याच्या किसाचा फोटो ग्रुपवर टाकताना

इंदूर सोडून पुण्याला किंवा परदेशात गेलेल्या मंडळींना राजवाड्याचा फोटो नको असतो, तो शोधला की शेकड्यानं मिळतो. त्यांना बघायचा असतो कढईतला भुट्ट्याचा कीस, गच्चीवर वाळणारे पापड, सकाळचे वाफेवरचे पोहे आणि त्यावर भुरभुरलेला जीरावन मसाला. पण असा घरगुती फोटो घरातल्या इतर चार गोष्टीही सोबत घेऊन जातो. म्हणून पुढचा क्रम.

१. काढताना. आधी लेन्स पुसा. स्वयंपाकघरात फोन तेलकट बोटांनीच धरला जातो आणि फोटो धुरकट येतो. दोष कॅमेऱ्याचा नसतो. सुती कपडा पुरतो. ताट खिडकीजवळ ठेवा, उजेड बाजूनं येऊ द्या आणि वरची ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर पोहे एका अंगानं निळे, दुसऱ्या अंगानं पिवळे दिसतात. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उलटी अडचण: दुकानावरचे दिवे पांढरेफक आणि जिलबी काळी. स्क्रीनवर जिलबीवर बोट दाबून ठेवा, फोकस पक्का झाला की बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. फ्लॅश नकोच, पाकाचा तजेला सपाट होतो.

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, फोन झिपच्या पिशवीत हवा. लेन्सवर गुलाल बसला तर आधी फुंकर, मग कपडा. कोरडाच घासला तर बारीक ओरखडे पडू शकतात.

२. निवडताना. दहा काढा, तीन टाका. एकाच ताटाचे आठ फोटो आले की चौथ्यानंतर कुणी उघडत नाही.

३. मागे काय आहे ते बघा. फोटो बोटांनी मोठा करून चारही कोपरे तपासा. दारावरची पाटी, गाडीचा नंबर, कुरिअरच्या खोक्यावरचा पत्ता, फ्रिजवर चिकटवलेलं बिल, मुलांच्या गणवेशावरचा शाळेचा बिल्ला. कापता येत असेल तर कापा. नसेल तर ठोस रंगाचा चौकोन ठेवा. हायलायटर पारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचे आकडे पुन्हा वाचता येतात. दुसऱ्यांची मुलं फोटोत असतील तर त्यांच्या आईबाबांना आधी विचारा. ‘आपलाच तर ग्रुप आहे’ हे उत्तर चालत नाही, कारण फॉरवर्डला कुंपण नसतं.

आयफोनचा ‘लाइव्ह’ फोटो शटरच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दीड सेकंद आवाजासकट टिपतो. कढईमागे चाललेली सासूबाईंची टिप्पणीही त्यात येते. पाठवण्याआधी ‘लाइव्ह’ बंद करा.

४. पाठवताना. गोंधळ होतो तो इथेच. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो: १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो काही मेगाबाइटवरून काहीशे किलोबाइटवर येतो. ताटासाठी तेवढं पुष्कळ. पण आजोबांचा जुना फोटो किंवा पंगतीचे पन्नास चेहरे असतील तर वरचं ‘एचडी’ चिन्ह दाबा. मूळ फाइलच हवी असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

इथे एक मेख आहे. नेहमीसारखा पाठवला तर फोटोत नोंदलेलं ठिकाण व्हॉट्सॲप काढून टाकतं. डॉक्युमेंटमध्ये ते तसंच राहतं. म्हणजे जी वाट फोटोचा दर्जा वाचवते, तीच घराचा नेमका पत्ता पोचवते. तेव्हा अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद करून ठेवा. आयफोनवर शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन लोकेशन बंद करता येतं.

लग्न-मुंजीचे दोनशे फोटो ग्रुपवर ओतू नका. गुगल फोटोजमध्ये अल्बम करून लिंक द्या आणि अल्बमच्या पर्यायांत लोकेशन दाखवणं बंद करा. मात्र लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम उघडतो.

५. खाली एक ओळ लिहा. ही लोक हमखास गाळतात, आणि खरी मजा तिच्यातच असते. ‘आजचा बेत’ लिहून काहीच हाती लागत नाही. ‘कीस, चार कणसांचा, दूध अर्धी वाटी, शेवटी लिंबू पिळलं’ असं लिहिलं की तिकडून कुणीतरी विचारतंच, दूध कधी घातलं? चेहरे असतील तर डावीकडून नावं लिहा, जुन्या फोटोत साल आणि मोहल्लाही.

६. चुकलं तर. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची सोय व्हॉट्सॲपवर साधारण २ दिवस १२ तासांपर्यंत असते. तोवर ज्यांच्या गॅलरीत फोटो आपोआप उतरला असेल, त्यांच्याकडे तो राहू शकतो. त्यांना फोन करून काढायला सांगावं लागतं.