भोगीच्या भाजीत परड्यातलं वांगं हवं, तर बी आत्ताच पेरा

भोगीच्या आदल्या दिवशी बाजारात वांग्याला काय दर चढतो, हे आपल्या बेळगावकडं घराघरात माहीत आहे. त्या दिवशी घाटे, गाजर, पावट्यासोबत घरचं वांगं पडावं असं वाटत असेल, तर हिशेब उलटा मांडायला हवा. लावणीपासून पहिलं वांगं हाताला यायला ६० ते ७० दिवस, आणि त्याआधी तरू, म्हणजे लावणीजोगं रोप, तयार व्हायला ३० ते ३५ दिवस. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाकलं आणि ऑक्टोबरच्या मध्यावर लावण केली, की डिसेंबरात वांगी सुरू होतात आणि भोगीला झाड ऐन भरात असतं.

जूनमध्येच का नको? अथणी-रायबागकडं पाऊस बेताचा, तिथं मृगावर पेरलेलं वांगं चालतं. पण बेळगावच्या पश्चिमेला, खानापुरात, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात तर विचारूच नका, आषाढातला पाऊस तरू टिकू देत नाही. मी स्वतः दोन वर्षं हा उतावीळपणा केला. उगवण दाट, हिरवीगार झाली होती. आठवडाभराच्या झडीनंतर सकाळी बघतो तर रोपं आडवी. देठ जमिनीलगत पाणथळ होऊन सुतासारखा बारीक झालेला, वरची दोन पानं मात्र अजून ताजी. ही मर ओलीतल्या बुरशीनं होते आणि एकदा लागली की पसरत जाते. पावसाचा जोर ओसरल्यावर पेरणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पेरायच्या आधी जागेचा विचार करा, कारण इथं आपल्या भागाची एक खास अडचण आहे. बेळगाव तालुक्यात बटाटा, निपाणी-चिकोडीकडं तंबाखू, आणि मिरची-टोमॅटो तर सगळीकडंच. ही सगळी वांग्याचीच भावकी. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, आणि मुळातून लागणाऱ्या मरीचे जिवाणू त्या मातीत वर्षानुवर्षं दबा धरून राहतात. पाणी भरपूर असूनही भरलेलं झाड दुपारी मान टाकतं आणि दोन-चार दिवसांत हिरवंच वाळतं. शंका आली तर बुडख्याजवळचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा धरा. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागा खाली उतरताना दिसला, तर ती जिवाणूजन्य मर आहे. त्यावर औषध मारून पैसे घालवू नका. झाड मातीसकट काढून जाळा आणि त्या कोपऱ्यात निदान तीन वर्षं मका, भेंडी किंवा शेंगवर्गीय पीक घ्या. अशी जागा सोडून दुसरी नसेल, तर २० लिटरच्या जुन्या बादलीला बुडाला भोकं पाडून नवी माती भरा. बादलीत एकच झाड, दोन नाही.

बियाण्याचं म्हणाल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का केशव, अर्का निधी आणि अर्का नीलकंठ हे वाण या मरीला दाद देत नाहीत. लाल मातीच्या पट्ट्यात मी तेच घ्यायला सांगेन. पण भरलं वांगं किंवा एण्णेगायी, म्हणजे कानडी पद्धतीचं भरलं वांगं, करायची तर लहान, काटेरी देठाचं गावठी वांगंच लागतं, त्याची चव लांबट वाणाला येत नाही. ते हवं असेल तर जागा निरोगीच निवडा.

पाच माणसांच्या घराला सहा-आठ झाडं पुष्कळ झाली. त्यासाठी २०-२५ बिया पुरतात, अख्खं पाकीट ओतायचं कारण नाही. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी निथळून चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) चोळा. ही पूड कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून पाहा. माती, चाळलेलं शेणखत आणि वाळू सारखी घेऊन वीतभर उंचीचा वाफा करा, नाहीतर पसरट कुंडी भरा. चार बोटांवर ओळी ओढा, बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, सुटं सुटं टाका आणि वरून बारीक शेणखत भुरभुरा. ऊब असेल तर सात ते दहा दिवसांत कोंब दिसतात. पाणी सकाळीच द्या, झारीनं. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर वाफ्यात राहतं आणि तीच मरीला वाट. निपाणीकडच्या ज्यांनी आयुष्यभर तंबाखूचं तरू वाढवलंय, त्यांना यात शिकवण्यासारखं काही नाही. त्यांना एवढीच विनंती की तंबाखू मळलेला हात साबणानं धुतल्याशिवाय वांग्याच्या रोपाला लावू नका, हातावरून विषाणू जातो.

रोप वीतभर झालं, चार-पाच पानांवर आलं की आठवडाभर पाणी थोडं कमी करून उन्हाची सवय लावा. मग संध्याकाळी लावण. दोन रोपांत अडीच फूट अंतर, खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. लाल मातीत चुलीची राखही घाला.

खरी लढाई पुढं आहे, शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीशी. लावणीनंतर महिन्याभरात एखादा कोवळा शेंडा मलूल होऊन खाली वाकलेला दिसतो. पाणी कमी पडलं असं समजून लोक पाणी घालतात. तो शेंडा दोन बोटं खालून खुडा आणि नखानं उभा चिरा, आत गुलाबीसर अळी सापडेल. ती साबणाच्या पाण्यात टाका. खुडलेले शेंडे आणि किडकी वांगी उकिरड्यावर फेकू नका, तिथून पतंग होऊन पुन्हा तुमच्याच झाडावर येतात. रोज सकाळी चहाच्या आधी एक फेरी मारणाऱ्याला परड्यात सहसा विषारी औषध लागत नाही. जोडीला दहा-पंधरा दिवसांनी निंबोळी अर्क फवारा: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची, थोडा साबण घालायचा. तुडतुडेही त्यानं आवरतात. एखाद्या झाडाची पानं बारीक होऊन झुपका धरला, तर ते झाड बरं होत नाही. तुडतुड्यांनी तो रोग दुसरीकडं नेण्याआधी उपटा.

फुलं गळतात म्हणून पुष्कळजण घाबरतात. फूल नीट निरखा. मधली दांडी पिवळ्या केसरांच्या वर डोकावत असेल तर फळ धरतं, आत दडलेली असेल तर ते फूल बहुधा गळणारच. शिवाय बेळगाव ७५० मीटरच्या आसपास उंचीवर, डिसेंबरातल्या गार रात्रींत थोडी गळ होतेच. अशा वेळी युरिया टाकला तर नुसता पाला माजतो.

वांगं तकतकीत असतानाच देठासकट कात्रीनं काढा. चकाकी गेली की बी धरलं समजा. जी जात आवडली, तिचं निरोगी झाडावरचं एक वांगं मात्र पिवळं होईपर्यंत तसंच ठेवा. संकरित बियाण्याचं ठेवू नका, तसंच पीक पुन्हा येत नाही. पिकलेलं वांगं फोडून बी पाण्यात चोळून धुवा, तरंगणारं फेका, तळाचं सावलीत खडखडीत वाळवा आणि राखेत मिसळून कोरड्या बाटलीत भरा. वर जातीचं नाव आणि साल लिहिलेली चिठ्ठी लावा.