आतड्याच्या अस्तरावर प्रतिकारपेशींचा परिणाम प्रयोगशाळेत कसा तपासावा

आतड्याचे संरक्षक अस्तर एकाच थरात खेटून उभ्या असलेल्या पेशींचे असते आणि या पेशींमधल्या फटी घट्ट सांध्यांनी बंद केलेल्या असतात. अस्तराखालच्या प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडून हे सांधे सैल किंवा घट्ट करू शकतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे पाहायचे असेल, तर पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) संस्थेच्या पेशीभांडारातून मिळणाऱ्या काको-२ पेशी, म्हणजे माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून मिळवलेल्या आणि आतड्याच्या अस्तरासारखा थर तयार करणाऱ्या पेशी, सोयीच्या ठरतात.

०.४ मायक्रॉन छिद्रांचा पडदा तळाशी असलेल्या इन्सर्टमध्ये (प्लेटच्या खळग्यात बसणाऱ्या आणि त्याचे वरचा व खालचा असे दोन कप्पे करणाऱ्या छोट्या पेल्यात) पेशी पेरून सुमारे २१ दिवस वाढवाव्यात आणि एक दिवसाआड पोषक माध्यम बदलावे. आठवडाभरात थर भरलेला दिसतो, पण पेशी तेव्हा परिपक्व झालेल्या नसतात, म्हणून इथे घाई करू नये.

सांधे किती घट्ट आहेत हे थराच्या विद्युत रोधावरून कळते. तो मोजण्यापूर्वी प्लेट खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, कारण तापमानाबरोबर आकडा बदलतो. पेशी नसलेल्या इन्सर्टचा रोध वजा करून उरलेल्या संख्येला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणावे: ४२० मधून १२० वजा केल्यावर उरणारे ३०० ओहम गुणिले १.१२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३३६ ओहम-चौरस सेंटिमीटर.

सायटोकाइन खालच्या कप्प्यात घालावे. शरीरातही प्रतिकारपेशींचा संदेश बव्हंशी त्याच बाजूने येतो. एका इन्सर्टला आधी इंटरफेरॉन-गॅमा आणि नंतर टीएनएफ ही सायटोकाइन, दोन्ही १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, असा क्रम ठेवावा, कारण इंटरफेरॉनमुळे पेशींवरील टीएनएफचे ग्राही वाढतात. दुसऱ्या इन्सर्टला फक्त इंटरल्यूकिन-१३ हे सायटोकाइन द्यावे आणि तिसरा कोणत्याही सायटोकाइनशिवाय ठेवावा.

माझ्या मते खरी कसोटी इथून पुढे आहे. रोध घटला एवढ्यावरून अस्तर फुटले असे लिहू नये. वरच्या कप्प्यात ४ किलोडाल्टनचे, प्रदीप्त रंग जोडलेले डेक्स्ट्रान (शर्करेचा मोठा रेणू) घालून ते खाली किती उतरते हे मोजावे. इंटरल्यूकिन-१३ क्लॉडिन-२ हे प्रथिन वाढवते, त्यामुळे आयनांसाठी बारीक वाटा उघडतात, रोध घटतो, पण डेक्स्ट्रान फारसे झिरपत नाही. टीएनएफमुळे मात्र सांध्यांलगतची आकुंचन यंत्रणा सक्रिय होऊन मोठे रेणूही निसटतात. माध्यमातील लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे विकरही तपासावे. ते वाढले असेल तर पेशीच मेल्या असण्याची शक्यता आहे, आणि तो निष्कर्ष सांध्यांविषयीचा राहत नाही.

काको-२ पेशी श्लेष्म जवळजवळ तयार करत नाहीत. श्लेष्माचा प्रश्न असेल तर सोबत श्लेष्म तयार करणाऱ्या एचटी२९-एमटीएक्स पेशी पेराव्यात.