रास्पबेरी पाय आणि डॅक: खरखर कशी घालवली
बाबांच्या नाट्यगीतांसाठी रास्पबेरी पाय ३ या छोट्या कॉम्प्युटरवर प्लेअर केलाय, त्यात मूड ऑडिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाकलंय, गाणी पेनड्राइव्हवर. पायच्या स्वतःच्या हेडफोन जॅकमधून आवाज येतो पण तो पीडब्ल्यूएमने, म्हणजे सिग्नल भराभर चालू-बंद करून बनवलेला असतो, शांत जागी सूं ऐकू येतं, तानपुऱ्यावर तर सहनच होत नाही, म्हणून डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा ऐकता येणारा सिग्नल बनवणारी चिप, असलेला पीसीएम५१०२ चा छोटा जांभळा बोर्ड जोडला. पायच्या पिन १२ ला बीसीके (बिटांचा क्लॉक, म्हणजे ताल देणारा सिग्नल), ३५ ला एलआरसीके (डावा-उजवा आवाज वेगळा करणारा क्लॉक), ४० ला डेटा, शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड. सेटिंगमध्ये आयटूएस (चिपना डिजिटल आवाज पाठवायची पद्धत) डॅक निवडलं, तर गाण्यापेक्षा खरखरच जास्त!

भानगड बोर्डाच्या एससीके पिनची, म्हणजे मास्टर क्लॉक घ्यायच्या पिनची होती. पाय वेगळा मास्टर क्लॉक देतच नाही, आणि एससीके ग्राउंडला जोडलेली असली तरच ही चिप बीसीकेवरून आपला क्लॉक स्वतः बनवते. बोर्डावर त्यासाठी दोन बारीक पॅड असतात, त्यावर सोल्डरचा एक थेंब टाकला की झालं, खरखर गायब.

अजून एक, चार्जरची वायर जाड घ्या. बारीक वायरने व्होल्टेज पडतं, ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय स्वतःच स्लो होतो आणि गाणं अडखळतं. आता ऑर्गनचे खालचे सूरसुद्धा सुट्टे ऐकू येतात, फार भारी वाटतं.