हायब्रिड घेताय? आधी या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दिवाळीत नवी हायब्रिड एसयूव्ही घेतली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग झालं. तिसऱ्या दिवशी काका सेक्रेटरींकडे अर्ज घेऊन हजर: पार्किंगला चार्जिंग पॉइंट हवा. मीटर कुणाच्या नावावर, वायर कुठून ओढायची, यावर कमिटीत तासभर खल झाला. शेवटी त्यांची मुलगी म्हणाली, "पण बाबा, प्लग लावणार कुठे?" गाडीला सॉकेटच नव्हतं.

काकांना हसण्यात अर्थ नाही. आज शोरूममध्ये 'हायब्रिड' हा शब्द इतक्या सढळ हाताने वाटला जातो की माणूस गोंधळणारच. मी स्वतः दोन वर्षं अशी गाडी चालवतोय. माझ्या आणि आसपासच्यांच्या बहुतेक चुका एकाच समजुतीतून झाल्या: ही अर्धी इलेक्ट्रिक आहे. ती पेट्रोलचीच गाडी आहे. विजेची मोटर तिची मदतनीस, आणि दोघांपैकी कुणी कधी काम करायचं हे गाडी ठरवते, आपण नाही.

नाव एक, गाड्या दोन

मारुतीने २०१५ मध्ये सियाझला छोटी मोटर जोडली, तेव्हापासून आपल्याकडे 'स्मार्ट हायब्रिड' हे नाव रुळलं. ही माइल्ड हायब्रिड. सिग्नलला इंजिन बंद करते, निघताना जरासा हात देते, पण एकट्या मोटरवर गाडी एक फूटही जात नाही. स्ट्राँग हायब्रिडचं तसं नाही. ती सावकाश ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद ठेवून सरळ मोटरवर पुढे सरकते. खरी गंमत अशी की मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जोडीत एकाच नावाखाली दोन्ही प्रकार मिळतात. सेकंडहँड घेणारे इथेच फसतात. मालक 'हायब्रिड आहे' म्हणतो, ते खोटं नसतं, पण किंमत मात्र स्ट्राँगची मागतो.

म्हणून एकच प्रश्न विचारा: इंजिन बंद असताना गाडी चालते का? मग टेस्ट ड्राइव्हला पार्किंगमधून हळूच बाहेर काढून बघा. एसी बंद ठेवा म्हणजे कान नीट लागतील.

सवलतींच्या बाबतीतही स्वप्नं पाहू नका. हिरवी नंबरप्लेट बॅटरीवरच्या गाड्यांना, हायब्रिडला पांढरीच. अटल सेतूची टोलमाफी इलेक्ट्रिकला आहे, आपल्याला नाही. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के जीएसटी लागतो, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के, म्हणजे तेवढ्याच मोठ्या पेट्रोल गाडीइतकाच.

अ‍ॅव्हरेजचा हिशेब आपल्या रस्त्यावर करा

ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिडसाठी कंपनीचा आकडा आहे लिटरला २७.९७ किलोमीटर. तो चाचणीतला आकडा. गर्दीच्या वेळी एलबीएस मार्गावर मला एसीसकट वीसच्या आसपास मिळतं, आणि त्याच रस्त्यावर मित्राची ऑटोमॅटिक पेट्रोल एसयूव्ही दहावर येते. पेट्रोल १०४ रुपये आणि महिन्याला हजार किलोमीटर धरा: त्याला १०० लिटर, मला ५०. महिन्याला ५,२०० रुपये वाचले. ऑन रोड किमतीत अडीच लाखांचा फरक असेल, तर तो चार वर्षांत भरून निघतो. पण तुम्ही लोकलने ऑफिसला जाता आणि गाडी शनिवार-रविवारी मिळून महिन्याला चारशे किलोमीटर फिरते? मग दहा वर्षं लागतील. शोरूमचा मुलगा हे दुसरं गणित मांडून दाखवणार नाही, ते घरी कागदावर करा.

दुसरी चूक, मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवरच्या आकड्यावरून गाडी जोखणं. हायब्रिडची कमाई ब्रेक मारण्यात आहे. ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती बॅटरीत जाते. ताशी शंभरने सरळ जाताना ब्रेकच नाही तर कमाई कसली? इंजिन जवळजवळ सतत चालू राहतं. जिथे बाकीचे ट्रॅफिकला शिव्या घालतात, तिथे ही गाडी पोट भरते.

आणि डिकी उघडून बघा. बॅटरीला जागा लागतेच. होंडा सिटीच्या साध्या पेट्रोल मॉडेलची डिकी ५०६ लिटरची, हायब्रिड आली तेव्हा ती तीनशेच्या आसपास उतरली. गणपतीला कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने घरच्या दोन मोठ्या बॅगा सोबत नेऊन तिथेच ठेवून बघाव्यात. लाजायचं काय त्यात? सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाडीच्या वर गाडी ठेवणारं) असेल तर पॅलेटच्या पाटीवरची उंची आणि वजनाची मर्यादाही टिपून न्या.

सिग्नलला 'एन' नको

मॅन्युअल गाडीवर हात बसलेल्यांची ही सवय: सिग्नल लागला की न्यूट्रल. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये गिअर 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलमध्ये, असताना मोटरची मोठी बॅटरी चार्जच होत नाही. एसी मात्र तिच्यावरच चालतो. दादरला वीस मिनिटं जाम लागला आणि तुम्ही 'एन'मध्ये बसलात, तर चार्ज घसरत जातो आणि गाडी इशारा देते. 'डी'मध्येच (ड्राइव्ह) राहा, ब्रेक दाबा किंवा ऑटो होल्ड लावा, म्हणजे गाडीच ब्रेक धरून ठेवते. फार वेळ थांबायचं असेल तर 'पी' (पार्क). 'पी'मध्ये गरज पडली की इंजिन आपोआप सुरू होऊन चार्ज करतं.

गिअरच्या दांड्यावरच्या 'बी'बद्दलही (ब्रेकिंग) गैरसमज आहे. जास्त चार्ज होतं म्हणून काही जण शहरभर 'बी'मध्ये फिरतात. तो घाट उतरण्यासाठी आहे. कसाऱ्याच्या लांब उतारावर बॅटरी भरली की ती आणखी वीज घेऊ शकत नाही, तेव्हा इंजिनचा रोध कामाला येतो आणि ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर 'डी' पुरे.

पाणी साचलं की

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, ही नावं मुंबईकराला पाठ असतात, तरी दरवर्षी कुणीतरी गाडी घालतोच. हायब्रिडवाल्याला वाटतं की मोटरवर हळूच काढू, इंजिन बंद असलं म्हणजे पाणी ओढलं जाणार नाही. मात्र इंजिन कधी सुरू करायचं ते तुमच्या हातात नाही. पाण्याच्या मधोमध चार्ज कमी झाला, चढावर जरा जास्त जोर लागला, की इंजिन सुरू होतं. त्या वेळी एअर इनटेकपर्यंत (इंजिन हवा ओढतं ती जागा) पाणी आलेलं असेल तर ते सिलिंडरमध्ये जातं. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि लाखाच्या घरातलं बिल येतं.

पाण्यात बंद पडली तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. उतरा आणि फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेणारा ट्रक, मागवा. पुढची चाकं जमिनीला टेकवून दोरीने ओढायची नाही, कारण ती मोटरशी जोडलेली आहेत. बोनेटखालच्या नारिंगी वायरी हाय व्होल्टेजच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही आणि नाक्यावरच्या वॉशिंगवाल्याला तिथे जोराचा फवारा मारू द्यायचा नाही. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर आहे का, आणि हायब्रिड बॅटरी त्यात येते का, हे मे महिन्यातच तपासा.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर ऐकू आली तर घाबरू नका. इथे बरेचसे ब्रेकिंग मोटरच करते, डिस्क कमी घासल्या जातात, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत त्यांच्यावर गंज चढतो. मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा जरा जोरात ब्रेक मारले की निघून जातो. आवाज राहिलाच तर मात्र दाखवून घ्या.

गाडी मेली, पण मोठी बॅटरी भरलेली

मे महिन्यात तीन आठवडे गावी राहून परतलो. बटण दाबलं, डॅशबोर्ड दोनदा मिणमिणला आणि संपलं. शेजारचा मुलगा उत्साहाने म्हणाला, "दादा, धक्का देऊ?" धक्क्याने ही गाडी सुरू होत नाही. मोठी बॅटरी भरलेली असते, पण तिला जोडणारा रिले (विजेचा स्विच) आणि सगळे कॉम्प्युटर साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ती बसली की सगळंच ठप्प. काही मॉडेल्समध्ये ही बॅटरी डिकीत असते, आणि करंट नसला की डिकीही उघडत नाही. रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी किल्ली कशी काढायची, हे अडण्याआधी शिकून ठेवा.

दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून जंप स्टार्ट करता येतं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागीच क्लिप लावून. आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याचा टेम्पो स्टार्ट करायला मात्र जाऊ नका. गाडी उभी राहणार असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी कुणाकडून तरी 'रेडी'चा दिवा (गाडी चालू असल्याची खूण) लावून अर्धा तास फिरवून घ्या. याउलट, आवाज नाही म्हणून 'रेडी'मध्येच ठेवून घरी जाणारेही आहेत. आमच्या काकांच्या गाडीचं इंजिन रात्री साडेअकराला आपोआप सुरू झालं आणि वॉचमन भूत भूत करत वर आला. बंद बेसमेंटमध्ये त्या धुराचा धोका भुतापेक्षा मोठा आहे.

पेट्रोलचा काटा शून्यावरही नेऊ नका. मोटर आहे ना, म्हणून २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर चढाल आणि मधे अडकाल. ही बॅटरी चार पावलं नेण्यापुरतीच असते.

मागच्या सीटजवळची ती जाळी

अनेक मॉडेल्समध्ये मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली एक प्लास्टिकची जाळी असते. बॅटरी थंड ठेवायला केबिनमधली हवा तिथून आत जाते. ती झाकली गेली की पंख्याचा आवाज वाढतो, अ‍ॅव्हरेज घसरतं, आणि शेवटी इशाऱ्याचा दिवा लागतो. टोयोटाकडून हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी मिळते, म्हणून लोक बिनधास्त असतात. पण जाळीमागचा फिल्टर साफ ठेवणं आपलंच काम आहे. मेट्रोच्या कामांच्या धुळीत तो लवकर भरतो, तेव्हा सर्व्हिसिंगच्या वेळी तोंडाने सांगून काढायला लावा.

काकांचा दिवा लागला तेव्हा मी सोबत गेलो होतो. मेकॅनिकने स्कॅनर लावायच्या आधी मागचं दार उघडलं आणि नातवासाठी अंथरलेली गोधडी उचलली. जाळी पूर्ण झाकलेली, वर कुरमुऱ्यांचा चुरा.