पहिली ५ के (पाच किलोमीटरची शर्यत) पळायचीय? मग आधी हळू पळायला शिका (कोकणातल्यांसाठी)

शूज घ्या, सकाळी लवकर उठा, पाणी प्या हे सगळं तुम्हाला माहितीय, त्यात वेळ घालवत नाही. चाळिशी उलटली असेल किंवा बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि सुरुवात पाऊस पूर्ण गेल्यावरच करा. जांभ्याच्या पाखाडीवर शेवाळ असताना पळण्यात काहीही मर्दुमकी नाही, हाड मोडलं की सीझन गेला.

प्लॅन कोणता

काउच टू फाइव्ह के नावाचा प्लॅन सगळीकडे फिरतो. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने तो १९९६ साली बनवला, नऊ आठवड्यांचा, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. प्लॅन चांगलाय, मी अजूनही नवीन लोकांना तोच देतो. फक्त नऊ आठवड्यांचे बारा धरा. एखादा आठवडा जड गेला तर पुढचा आठवडा तोच परत करायचा, कोणी मार्क कापत नाही.

खरी गोची इथे आहे: वेग

प्लॅनमध्ये पाचव्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी एकदम २० मिनिटं न थांबता पळायचं असतं. आदल्या वेळेपर्यंत मध्ये मध्ये चालणं असतं आणि अचानक ते गायब. बहुतेक लोक इथेच सोडतात आणि वर सांगतात, "आपला दमच कमी पडतो हो." माझीही गाडी इथेच अडली होती. लोकांनी काय काय सल्ले दिले, नाकानेच श्वास घे, प्राणायाम कर, मनाची ताकद वाढव. सगळं बाजूला ठेवा. दम कमी नसतो, वेग जास्त असतो. एक मिनिटाच्या तुकड्यात आपण सुसाट सुटतो कारण पुढे चालायचंय हे माहीत असतं, आणि तीच सवय घेऊन २० मिनिटांना भिडलो की चौथ्या मिनिटाला तोंडाला फेस.

तर हळू म्हणजे किती हळू? घड्याळातला पेस (किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते) बघूच नका. पळता पळता मोठ्याने सतराचा पाढा म्हणा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, एवढं एका श्वासात नीट म्हणता आलं तर वेग बरोबर. दुणेला धाप लागली तर लगेच हळू व्हा. आणि आख्खा पाढा धडाधड म्हणता आला तर थोडं वाढवायला हरकत नाही, पण तसं होणार नाही. सतराचा येत नसेल तर बाराचा म्हणा. मनातल्या मनात म्हणून उपयोग नाही, आवाज बाहेर आला पाहिजे, कारण मनात म्हणताना माणूस स्वतःलाच फसवतो.

हळू होण्यासाठी पावलं आखूड टाका, पावलांची लय तशीच ठेवा. पाय लांब पुढे फेकून टाच आपटत "स्लो मोशन" करत पळू नका, त्याने नडगी भरून येते. पाऊल अंगाखालीच पडलं पाहिजे. शेजारून झपझप चालणारे काका तुम्हाला ओव्हरटेक करतील, करू देत. कोणीतरी गडग्यावरून विचारणारच, "काय हो, कोण पाठी लागलंय का?" हसा आणि पुढे जा. लाजेपोटी माणूस नेमका लोक बघत असतात तिथेच जोरात पळतो आणि पुढच्या वळणावर वाकून उभा राहतो.

दुसरं म्हणजे पुण्याच्या मित्राशी तुलना करू नका. घाम वाळला तर अंग गार होतं, नुसता गळून काही होत नाही, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो वाळतच नाही, टी-शर्ट पिळून काढावा लागतो. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे पाठवावं लागतं, त्यामुळे त्याच वेगाला इथे हृदयाचे ठोके जास्त पडतात. मी तर म्हणतो, पहिली ५ के ४५ मिनिटांत झाली तरी मस्त झाली. जमलं तर सकाळचीच वेळ धरा. थंडीत पहाटे जमिनीकडून मतलई वारा येतो, तो जरा कोरडा असतो, संध्याकाळचा खारा वारा नुसता चिकचिक करतो.

कुठे पळायचं

सड्यावरचा सपाट डांबरी रस्ता बेस्ट. घाटीचे चढ-उतार पहिले दोन महिने नकोत, विशेषतः उतार, गुडघ्याची वाट लागते.

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, पळायचं असेल तर भरती-ओहोटी बघून जा. मऊ कोरड्या वाळूत पळणं "व्यायाम चांगला होतो" म्हणून जे सांगतात ते नवख्याचे वैरी आहेत, पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरते. ओहोटीची ओली घट्ट वाळूच हवी, जिथे पाऊल जेमतेम उमटतं. त्यासाठी अॅप कशाला, कालनिर्णय आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी पार वर, तेव्हा रस्त्यावरच जा. पुनवेला किंवा अवसेला भरती सव्वा अकराच्या आसपास, म्हणजे पहाटे पाचला ओहोटी, सहाला वाळू घट्ट मिळते. तिथून तृतीयेपर्यंतच्या सकाळी पुळणीच्या. भाट्ये, गुहागर, कुठेही हेच गणित चालतं, वेळ थोडी इकडेतिकडे.

पुळण समुद्राकडे उतरती असते हेही लक्षात ठेवा. समुद्र उजवीकडे असेल तर उजवा पाय सतत खाली पडतो आणि कंबर एका बाजूने धरते. म्हणून जेवढं जाल तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत या. अनवाणी पळायची हौस पहिल्या तीन महिन्यांत नको, शिंपले आणि फुटक्या बाटल्या दोन्ही असतात. आल्यावर शूज गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा.

कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चाला. बास.

दुखलं तर

पोटऱ्या-मांड्या भरून आल्या तर एक दिवस जास्त सुट्टी. नडगीच्या हाडावर बोट दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर पळणं बंद आणि डॉक्टरकडे, तिथे तेल चोळत बसू नका. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर अर्थातच जागच्या जागी थांबायचं.

खाणं

आधी एक केळं. नंतर मीठ घातलेली पेज किंवा कोकम सरबत. पावडरी-बिवडरी ५ केला लागत नाहीत.

रेसचा दिवस

शेवटच्या आठवड्यात नवीन काही करू नका, नवीन मोजेसुद्धा नाही. सुरुवातीला पुढे घुसू नका, मागे उभे रहा, कारण पुढची पोरं बंदुकीच्या गोळीसारखी सुटतात आणि त्यांच्या नादाने आपला पहिला किलोमीटर हमखास जोरात जातो. पाढा तिथेही म्हणा, लोक बघतील, बघू देत. शेवटचा एक किलोमीटर उरला आणि अंगात काही शिल्लक असेल तरच वेग वाढवा. बिब (छातीवर लावायचा नंबराचा कागद) आदल्या रात्रीच टी-शर्टला चारही कोपऱ्यांत पिना लावून ठेवा, पहाटे लाईट गेलेली असते आणि पिना सापडत नाहीत.